चार वाजून दहा मिनिटांचं पान

धनश्री घोलपला माफ करणं जमत नसे, आणि त्याची तिला लाजही वाटत नसे. डूख धरू नये असं सांगणाऱ्यांचं बहुधा काही गेलेलं नसतं, असं तिचं स्पष्ट मत होतं. तिचं गेलं होतं. अठरा वर्षांपूर्वी, २०२९ च्या ऑगस्टमध्ये, मळेखडी गावात पुराचं पाणी शिरलं आणि खालच्या आळीतली नऊ माणसं गेली. घोलपांच्या घरातलं त्यात कुणी नव्हतं. घोलपांचं गेलं ते नाव.

धनश्रीचे वडील केरबा घोलप, म्हणजे तात्या, तेव्हा गावचे पोलीस पाटील होते. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर भोंगा होता आणि भोंग्याच्या खोलीची किल्ली तात्यांच्या कमरेला. वरच्या अंगाला कुंभेवळचं धरण. धरणाच्या उपविभागानं इंटरनेटवर एक पान केलं होतं. पावसाळ्यात पोलीस पाटलानं दर तासाला ते पान फोनवर उघडायचं आणि लाल पट्टीत सूचना आली की भोंगा वाजवायचा, अशी रीत ठरलेली होती. त्या दिवशी तात्यांनी चार वाजून दहा मिनिटांनी पान उघडलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यावर एकच ओळ होती: विसर्ग मर्यादेत आहे, काळजी नसावी. तात्यांनी काळजी केली नाही. पाच मिनिटांत फोनचा टॉवर बंद पडला आणि पाच वाजता नदी खालच्या आळीत होती.

चौकशी झाली, तेव्हा धरणाचे उपअभियंता दिगंबर माळवदे यांनी सरकारी जालसंग्रहातून त्याच वेळच्या पानाची प्रत आणून समितीपुढे ठेवली. संग्रहाचं यंत्र पावसाळ्यात दर दहा मिनिटांनी अशा पानांचा मजकूर साठवून ठेवत असे. त्या कागदावर ठळक छापलेलं होतं: ‘४२००० क्युसेक विसर्ग सुरू. भोंगा वाजवा. नदीकाठ रिकामा करा.’ अहवालात तात्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलं. ‘केरबा दत्तू घोलप, पोलीस पाटील, यांनी पान उघडून पाहिले व भोंगा वाजवला नाही.’

तात्यांना तुरुंग झाला नाही. त्यांचं पद गेलं आणि किल्ली गेली. बेंदराच्या सणाला वेशीतून पहिला बैल पाटलाचा जायचा, तो मान गेला. तोंडावर कुणी काही बोललं नाही. गावाला तेवढी भीड असतेच. पण ह्याचं घर वरच्या आळीला, ह्याला काय होतंय, हे वाक्य पाणवठ्यावर अठरा वर्षं जिवंत राहिलं. तात्या रस्त्यानं निघाले की लोक रामराम घ्यायचे, आपणहून घालायचे नाहीत.

धनश्रीनं संगणकाचं शिक्षण घेतलं आणि कोल्हापुरातल्या त्याच जालसंग्रहात नोकरी धरली, ती या डुखापायीच. पहिल्याच आठवड्यात तिनं ते पान काढून वाचलं. सूचना होती. दरवर्षी वाचलं, दरवर्षी होती. एका दिवाळीत तिनं तात्यांना विचारलं, खरंच नीट बघितलं होतं ना? तात्या उठून गोठ्यात गेले. त्या एका प्रश्नासाठी तिनं स्वतःलाही कधी माफ केलं नाही.

मग २०४५ मध्ये संग्रहात पुनर्दर्शक आला.

पुनर्दर्शक काय करतो हे समजायला पान म्हणजे काय ते आधी समजलं पाहिजे. साठवलेलं पान म्हणजे नुसता मजकूर. पण त्यात दोन जातींच्या ओळी असतात. काही माणसानं वाचायच्या, काही यंत्रानं पाळायच्या: हे दाखव, ते झाक, आकडा अमक्यापेक्षा मोठा असेल तर लाल पट्टी आण. या दुसऱ्या ओळी म्हणजे स्क्रिप्ट. फोन पान उघडतो तेव्हा आधी गुपचूप या आज्ञा पाळतो आणि उरेल ते आपल्या डोळ्यांपुढे ठेवतो. भाकरीच्या कृतीत ‘मीठ घरात असल्यास घालावे’ असं लिहिलेलं असेल, तर त्या दिवशीची भाकरी अळणी होती की खारट हे कागद वाचून कळत नाही. ती थापावी लागते, भाजावी लागते, आणि त्या दिवशी घरात मीठ होतं का तेही माहीत असावं लागतं.

जगभरच्या संग्रहांनी वर्षानुवर्षं कृतीचे कागदच जपले होते. स्क्रिप्ट चालवायची कुणाची छाती नव्हती. एक तर जुन्या पानांत विषारी आज्ञाही दडलेल्या असत. शिवाय स्क्रिप्ट सारखी आजूबाजूला विचारत असते, आत्ता किती वाजले, फोन कुठला, पडदा केवढा. आणि त्या प्रश्नांची त्या दिवशीची उत्तरं हरवलेली असत. पुनर्दर्शकानं हीच अडचण सोडवली. तो प्रत्येक पानासाठी एक बंद खोली रचतो. बाहेरच्या जगाचा वारा तिथे येत नाही. आत त्या काळचा फोन, त्या काळचं घड्याळ, त्या दिवशीची तारीख, सगळं जसंच्या तसं उभं केलेलं असतं. स्क्रिप्टला वाटतं आपण अजून तिथेच आहोत, आणि ती आपलं काम बिनबोभाट करते. जे दिसतं त्याला दृश्यप्रत म्हणतात. जुन्या पद्धतीनं छापलेली ती लेखप्रत. दोन वर्षांत कायदाही बदलला. लेखप्रत आणि दृश्यप्रत यांत फरक पडला तर दृश्यप्रत खरी धरायची, असं ठरलं.

कुंभेवळच्या पानाची पाळी येईपर्यंत धनश्रीला धीर धरवला नाही. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं ते पान खोलीत घातलं. घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर लावलं. पडद्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक ओळ आली.

विसर्ग मर्यादेत आहे. काळजी नसावी.

तिच्या डब्यातली भाजी तशीच राहिली. संध्याकाळपर्यंत ती स्क्रिप्टची ओळन् ओळ वाचत होती. कुठेतरी सैतान सापडेल अशी तिची खात्री होती, आणि तो सापडावा अशी इच्छाही. सापडलं ते असं. स्क्रिप्ट विचारत होती, विसर्ग दहा हजारांपेक्षा जास्त आहे का? असेल तर सूचना दाखव, नसेल तर झाक. यात वाकडं काहीच नव्हतं. पण विसर्गाच्या जागी भरलं होतं ४२०००, आणि तेही मराठी आकड्यांत. माणसाला आकडा कुठल्याही लिपीत आकडाच. त्या स्क्रिप्टच्या लेखी मात्र इंग्रजी अंक तेवढे अंक, बाकी सगळी नक्षी. बेचाळीस हजार हा तिला आकडाच वाटला नाही, आणि जो आकडाच नाही तो दहा हजारांपेक्षा मोठा कुठून असणार? स्क्रिप्टनं सूचना झाकली आणि नेहमीची ओळ पुढे केली.

त्याच आठवड्यात एक परिपत्रक निघालं होतं, तेही तिनं शोधून काढलं. उपविभागाच्या पानांवरचे सर्व आकडे यापुढे मराठीत लिहावेत. सात तारखेपर्यंत कारकून इंग्रजी आकडे भरत होता. आठला त्यानं हुकूम पाळला. पूर आला नऊ तारखेला. मराठीच्या प्रेमानं नऊ माणसं मेली म्हणावं तर तसंही नाही. पान माळवद्यांनी स्वतः लिहिलं होतं, घाईत लिहिलं होतं, आणि मराठी मुलखातल्या पानावर कुणी मराठी आकडा घालील हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ही चूक होती. चुकीवर माणूस किती दिवस दात धरणार? गोष्ट इथेच थांबती तर धनश्रीचा राग कदाचित ओसरलाही असता.

पण ती पुढच्या प्रती उघडत गेली. दहा ऑगस्ट, सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. त्या प्रतीत स्क्रिप्टला चार ओळी वाढवलेल्या होत्या. मराठी अंकांचे इंग्रजी अंक करणाऱ्या. आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांना सवय असते तशी वर एक टीप होती. वाचकाला ती दिसत नाही, मजकुरात मात्र असते. ‘मराठी अंक चालत नव्हते. दुरुस्त केले. दि. मा.’

म्हणजे गावात प्रेतं शोधली जात होती तेव्हा माळवद्यांना सगळं कळलेलं होतं. तीन महिन्यांनी ते लेखप्रत घेऊन समितीपुढे उभे राहिले, ते कळूनसवरून. पुढे ते मुख्य अभियंता झाले, निवृत्त झाले, आणि आता गावोगाव पूरसुरक्षेवर व्याख्यानं देत होते. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, तशातली गत.

धनश्रीला त्या क्षणी फक्त त्यांचा नाश हवा होता. थोडाथोडका नाही, मुळासकट.

साठवलेलं पान मजकूरच असतो आणि मजकुरात ओळ घालायला काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पानाची एक नक्कल केली आणि स्क्रिप्टमध्ये स्वतःची एक ओळ लिहिली: पान मळेखडीतून उघडलं असेल तर सूचना झाक. एवढीच ओळ. खोलीत घालून चालवली. दृश्यप्रत अगदी तीच आली. पण आता ती चूक राहिली नव्हती, तो खून झाला होता, नऊ माणसांचा, ठरवून केलेला. संग्रहाच्या कुलपांच्या चाव्या तिच्याकडेच होत्या. मूळ प्रतीच्या जागी ही नक्कल ठेवायला पाच मिनिटं लागली असती. ते पान तिनं आठवडाभर स्वतःच्या संगणकात ठेवलं आणि रोज एकदा चालवून बघितलं. तिला फार बरं वाटायचं. इतकं बरं तिला अठरा वर्षांत वाटलं नव्हतं.

रविवारी ती मळेखडीला गेली. तात्या सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. पंचाहत्तरीला टेकलेले, एका डोळ्याला मोतीबिंदू. तिनं फार काही सांगितलं नाही. पान पुन्हा उघडायचा अर्ज करणार आहे, एवढंच म्हणाली.

“कशाला उकरतीस, धने?” तात्या म्हणाले. “मीच नीट बगितलं नसंल.”

“तात्या, तुम्हीच सांगत होता की पट्टी नव्हती म्हणून.”

“सांगत हुतो. पयली चार-पाच वर्सं. आता डोळ्याम्होरं आणाय गेलो तर कवा लाल पट्टी दिसती, कवा दिसत न्हाई. येवढी मानसं म्हनत्यात हुती, कागद म्हनतोय हुती, तर असंल. माजा माज्या डोळ्यांवर इस्वास न्हाई ऱ्हायला बग.”

ते पुन्हा शेंगा फोडायला लागले. धनश्री परतीच्या एसटीत बसली. माळवद्यांनी तात्यांचं पद नेलं, मान नेला, हे तिला माहीत होतं. त्यांनी म्हाताऱ्याचे डोळेही नेले होते. आणि ते परत मिळायचे तर खऱ्या पानातूनच मिळणार होते. तिच्या ओळीनं माळवदे फासावर गेले असते, पण तात्यांनी नऊ ऑगस्टला काय पाहिलं हे मग तिलाही शपथेवर सांगता आलं नसतं. सोमवारी सकाळी तिनं ती नक्कल पुसून टाकली. दयामाया काही नव्हती त्यात. खरं पान जास्त लागेल असं तिला वाटलं, एवढंच.

विभागप्रमुख फातिमा मुजावर यांच्याकडे तिनं साध्या नागरिकासारखा अर्ज दिला. मुजावर मॅडम नियमाला पक्क्या. अर्जदार संग्रहातलीच आहे, तेव्हा यंत्राला हात लावायचा नाही, यंत्र मी चालवीन, असं त्यांनी पहिल्यांदा बजावलं. मग अर्ज वाचला, दोन्ही प्रती वाचल्या, चष्मा काढून बराच वेळ पुसला, आणि तारीख दिली.

पुनर्दर्शनाची संग्रहात एक ठरलेली रीत होती. समोर दोन पंच हवेत, आणि एक जाणता हवा, म्हणजे ते पान त्या काळी हाताळलेला माणूस. पान जाणत्याच्या हातात द्यायचं, अर्जदारानं त्याला तीन प्रश्न विचारायचे, त्यानं दिसेल तेवढंच सांगायचं. नोंद अर्जदारानं सांगायची, पंचांनी मान्य करायची, जाणत्यानं सही करायची. धनश्रीनं पंच म्हणून गावचे सरपंच रंगराव चौगुले आणि शाळेतल्या एक शिक्षिका यांना बोलावलं. रंगरावांची आई पुरात गेली होती, आणि बेंदराचा मान काढून घेणाऱ्यांत ते पुढे होते. जाणता म्हणून तिनं दिगंबर माळवदे यांचं नाव दिलं. त्यांना गेलेलं पत्र नियमानुसार होतं आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता: आपण २०२९ मध्ये तयार केलेले कुंभेवळ धरणाचे पान पुनर्दर्शनासाठी घेतले आहे, उपस्थितीची विनंती.

माळवदे आले ते जॅकेट घालून. चौसष्टीचे, ताठ, दाट पांढऱ्या केसांचे. महाराष्ट्रातलं अशा प्रकारचं ते पहिलंच पान होतं असं त्यांनी आल्याआल्या मुजावर मॅडमना सांगितलं, आणि संग्रहाला त्याची आठवण झाली याचा आनंद व्यक्त केला. मागच्या बाकावर धोतरातला एक म्हातारा बसला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही.

मुजावर मॅडमनी यंत्र चालू केलं आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. “नऊ ऑगस्ट दोन हजार एकोणतीस. वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं.”

माळवद्यांचा चेहरा वेळ ऐकूनच उतरला. पान दाखवणारी, जुन्या फोनच्या आकाराची चौकट त्यांच्या हातात आली. त्यांनी खाली पाहिलं. त्यांना उठून जाता आलं असतं. कुणी दार लावलेलं नव्हतं. पण भरल्या सभेतून उठून जायची त्यांना सवय नव्हती.

“पानावर काय दिसतंय, साहेब?” धनश्रीनं विचारलं.

“याला एक तांत्रिक पार्श्वभूमी आहे,” ते म्हणाले. “मुळात मजकुरात—”

मुजावर मॅडमनी त्यांना शांतपणे थांबवलं. दिसेल तेवढंच, असा नियम आहे, म्हणाल्या.

“विसर्ग मर्यादेत आहे. काळजी नसावी.”

रंगराव चौगुले खुर्चीत पुढे सरकले. धनश्रीनं दुसरा प्रश्न विचारला, भोंगा वाजवायची सूचना कुठे दिसते का. माळवद्यांनी बोटानं पडदा वर केला, खाली केला. नाही, म्हणाले.

“तिसरा प्रश्न. तुम्ही मळेखडीचे पोलीस पाटील आहात. हे पान बघून भोंगा वाजवाल?”

उत्तराला इतका वेळ लागला की शिक्षिकाबाईंनी मान फिरवली. धनश्रीनं फिरवली नाही. त्या चेहऱ्यावरचं एकही हलणं तिला चुकवायचं नव्हतं. ती अठरा वर्षं यासाठी थांबली होती आणि तिला मनापासून, पोटापासून गोड वाटत होतं.

“नाही,” माळवदे म्हणाले. “नाही वाजवणार.”

मग मुजावर मॅडमनी दुसरी प्रत लावली, पाच चाळीसची, आणि पडद्यावर माळवद्यांची टीप मोठी करून दाखवली. कुणी काही विचारलं नाही. गरजच नव्हती. रंगरावांनी ती टीप दोनदा वाचली, तारीख वाचली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तात्या मागच्या बाकावरून उठून पुढे आले. त्यांनी माळवद्यांच्या हातातून चौकट घेतली, चांगल्या डोळ्याजवळ धरली आणि एकेक अक्षर वाचलं. “ह्येच,” ते म्हणाले. “ह्येच बगितलं हुतं मी.” ते धनश्रीला सांगत नव्हते, पंचांनाही नाही. स्वतःलाच सांगत होते. त्यांनी चौकट परत दिली आणि मग जरा निरखून माळवद्यांकडे पाहिलं.

“साहेब, धा तारकंला सकाळी आटाच्या सुमाराला तुमी आमच्याकडं आला हुता. समदं गाव चिकलात. माज्या सोप्यात बसून च्या घेतला. मी इचारलं, साहेब, माजं काय चुकलं का? तुमी काय म्हनला, ध्यानात हाय?”

माळवद्यांनी हातातली चौकट टेबलावर ठेवली.

“तुमी म्हनला, पाटील, जरा नीट बगायला पायजे हुतं.”

तात्या वळले आणि जागेवर जाऊन बसले. रंगराव उठून त्यांच्या बाकाशी गेले आणि वाकून रामराम म्हणाले. तात्यांनी तो लगेच घेतला नाही.

धनश्रीनं नोंद सांगितली. ती तिला पाठ होती. मुजावर मॅडमनी लिहिली, पंचांनी मान डोलावली, आणि कागद माळवद्यांपुढे सरकवला. त्यांनी वाचला. ‘दिगंबर माळवदे, निवृत्त मुख्य अभियंता, यांनी पान उघडून पाहिले व भोंगा वाजवला नाही.’

“हे असं एकच वाक्य?” ते म्हणाले. “वाचणाऱ्याला वाटेल मीच... काही पार्श्वभूमी, काही शब्द सौम्य करता येतील का?”

“शब्द माझे नाहीत, साहेब,” धनश्री म्हणाली. “चौकशीच्या अहवालातले आहेत. मी फक्त नाव बदललंय.”

तिनं पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.